एक टाळ उशिरा

शिरवळमध्ये बसून कवठे महांकाळकडच्या देवळात टाळ वाजवणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या खोलीत राहतो. नात्याने माझे दाजी, म्हणजे चुलत बहिणीचे, आमच्या आक्काचे यजमान. मी वडूजचा, ते तिकडचे. पोटासाठी दोघेही इथल्या कारखान्यात लागलो आणि आक्काने ‘तेवढं त्यांच्याकडं बघ’ म्हणत हे ध्यान माझ्या गळ्यात बांधलं.

घरापासून लांब राहणारी माणसं फोनवर सिनेमाची गाणी लावून उसासे टाकतात. दाजींना सिनेमाचं गाणं चालत नाही. त्यांना लागतं गावातलं एकादशीचं भजन, आक्काने देवळात फोनवर रेकॉर्ड करून पाठवलेलं. भाकरी थापताना तेच, कंपनीच्या बसमध्ये तेच. त्यात भजन कमी आणि गाव जास्त. म्हैस सुटली म्हणून कुणीतरी उठून जातं, कपबशा वाजतात, पखवाजवाले आबा खोकतात. दाजींना तो खोकलासुद्धा पाठ. ‘थांबा मेव्हणं, आता खोकत्यात बघा,’ म्हणून ते दाढीचा ब्रश हवेत धरतात, आणि आबा वेळेवर खोकले की यांचा चेहरा खुलतो. एकदा मी वैतागून म्हणालो, ‘आवं दाजी, एखादं नवीन लावा की.’ तर म्हणाले, ‘नवीनच हाय ह्ये. मागल्या येळंला आबा दोनदा खोकलं हुतं.’

पण नुसतं ऐकून या माणसाचं भागत नाही, कारण त्यांच्या गावची रीत कडक आहे. भजनात प्रत्येकाची जागा ठरलेली. दाजींची खांबाजवळची, तिथं आधी त्यांचे वडील बसायचे. जो वाजवील त्याची जागा. लागोपाठ एकादश्या चुकल्या की सतरंजीवर दुसरा माणूस सरकतो, मग परत मागायची सोय नाही. नोकरी लागली तेव्हा दाजींना पगारापेक्षा त्या खांबाचीच काळजी जास्त. शेवटी त्यांनी आबांना फोन लावला. ‘आबा, मी हितनं वाजीवला तर चालंल का?’ आबांनी बराच विचार केला आणि म्हणाले, ‘वाजीव. वाजीवल्याशी कारण.’

तेव्हापासून एकादशीला आमच्या खोलीत सोहळा असतो. दाजी आंघोळ करून, टोपी घालून, भिंतीला टेकून बसतात. तिकडे आक्का खांबाला टेकवून फोन उभा करते. ‘आबास्नी कणीक दिलीस का? घट्ट मळलीस न्हवं?’ ही चौकशी आधी, पोरांची नंतर. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावल्याशिवाय तो बोलत नाही, हे मला दाजींमुळे कळलं. घरमालकीण पहिल्यांदा भांडायला आली होती. आता उपवासाचे खजूर घेऊन येते आणि दारातच बसते.

अडचण एवढीच, की शिरवळचा टाळ गावाला पोचेपर्यंत जरा वेळ जातो. तिकडे सगळ्यांचे टाळ वाजून गेले की मागून यांचा एकटाच ‘छन्’ येतो. आक्का मला एकदा हळूच म्हणाली, सुरुवातीला पोरंठोरं हसायची. मग आबांनीच तोड काढली. ध्रुपदावर, म्हणजे पालुपदावर, आले की ते आणि त्यांच्यामागे सगळे टाळकरी थोडं थांबायचे, फोनातला टाळ येऊ द्यायचे आणि मग पुढे जायचे. दाजींना यातलं काही माहीत नव्हतं. ‘आबांचं वय झालं, लय संथ झाल्यात,’ असं तेच मला सांगायचे.

यंदा यात्रेची सुट्टी धरून मी त्यांच्याबरोबर गेलो. नेमकी एकादशी होती. वाटेत बसमध्ये दाजींनी भजनसुद्धा लावलं नाही. ‘कुनी बसलं असलं तर?’ एवढंच एकदा म्हणाले. देवळात गेलो तर खांबाजवळची जागा मोकळी होती. दाजी बसले, वडिलांचे टाळ हातात घेतले. भजन रंगलं, ध्रुपद आलं आणि दाजींनी ठेक्यावर टाळ मारला. एकटाच वाजला. बाकी सगळे हात वर धरून थांबले होते.

देवळात क्षणभर शांतता. मग आबा हसायला लागले, हसता हसता खोकले. ‘आरं गड्या, तू हितंच हायस व्हय! तुझ्यासाठी थांबायची सवय लागलीया आमास्नी.’

सगळं देऊळ हसलं. दाजीही हसले, मग टोपी काढून त्या टोपीनेच डोळे पुसले. पुढच्या ध्रुपदाला त्यांनी काय केलं असेल? तेही थांबले, आणि सगळ्यांचे टाळ एकदम वाजले. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण अंगावर काटा आला.

आता आम्ही शिरवळला परत आलोय. दाजी सकाळपासून त्या यात्रेतलं भजन ऐकतायत, आणि त्या शांततेच्या जागी ब्रश वर धरून मला गप्प करतायत. वडूजला माझ्यासाठी असं कोण थांबत असेल, ते एकदा फोन करून विचारावं म्हणतो.