भरीत खायला या, मंदिर आम्ही दाखवू

आमचं मंडळ चौघांचं: शेतकरी आबा, कापडवाले शांतिलालशेठ, भरीत करणाऱ्या अक्का आणि चिटणीस मी, गावचा मास्तर. मीटिंगला विषय एकच, पण त्यावरून किस्से इतके निघतात की मिनिटबुकात लिहायला काही उरत नाही!

विषय म्हणजे भरीतमेळा. साक्रीजवळच्या आमच्या उंबरपाड्यात जुनं कोरीव दगडी मंदिर. साठ सालापर्यंत गुराख्यांशिवाय तिकडे कोणी फिरकत नसे. आबाच म्हणाले, "मंदिर देखाले बलाउत, तं कोनी येवाव नही. भरीत खावाले बलाउत!"

ठरलं. हिवाळ्यातला एक रविवार, मंदिराचं अंगण, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी.

*

पहिल्या वर्षी बसमधून अकरा पाहुणे उतरले. आम्ही हार घातले. त्यातले तिघे गोंधळलेले! त्यांना जायचं होतं दोंडाईच्याला, चुकून या बसमध्ये बसले होते. अक्कांनी त्यांनाही पंगतीत बसवलं, आबांनी खांबन् खांब दाखवला.

पुढच्या वर्षी तेच तिघे बायकामुलांसह हजर. "मास्तर, यंदा मुद्दाम चुकलो!"

*

शांतिलालशेठ जैन, वांग्याला शिवत नाहीत. पण मेळ्याची सगळी वांगी दरवर्षी त्यांच्याकडून. धुळ्याच्या एका प्राध्यापकांनी विचारलं, "शेठ, चव माहीत नसताना एवढी हौस?"

शेठनी पंगतीकडे हात केला. "चव तोंडावर दिसते ना, साहेब!"

*

मग धुळ्याचे एक पुढारी आले. "एवढ्याशा गावात कशाला? धुळ्याच्या मैदानावर करू. मंडप, लाउडस्पीकर, हजारो माणूस!"

खरं सांगतो, मी विरघळलो होतो. आबा मात्र शांत. "न्या ना भाऊ. वांगा न्या, अक्काले न्या. मंदिर कसं नेशात?"

पुढाऱ्यांनी आणखी एक भाकरी मागितली.

मेळा लहानच राहिला. पण पुढे मेळा नसलेल्या रविवारीही लोक येऊ लागले. अक्कांच्या पडवीत खानावळ निघाली, गावच्या पोरी पाहुण्यांना शिल्पं समजावून सांगू लागल्या.

*

बाहेरगावी कोणी विचारलं, की आम्ही जन्मभर सांगत आलो, "साक्रीजवळचं उंबरपाडं." नुसत्या उंबरपाड्याने कोणाला कळणार?

एकदा मी आणि आबा धुळ्याच्या स्टँडवर बसलो होतो. शेजारच्या बाकावर साक्रीचा एक व्यापारी मुंबईच्या पाहुण्याला आपलं गाव कुठे आहे ते समजावत होता. पाहुण्याला काही केल्या कळेना. शेवटी व्यापारी वैतागला.

"अहो, साक्री! ते भरीतवालं उंबरपाडं आहे ना, त्याच्याजवळ!"

"हां हां, मग असं सांगा ना!"

आबांनी टोपी नीट केली. मग म्हणाले, "मास्तर, चहा सांगा. त्या साक्रीवालाले बी."