रंगूबाईची नवी कोठी

रिठदला आमच्या घराला लागून रंगूबाईचं घर होतं आणि तिच्या घराला लागून तिच्या धाकट्या जावेचं, ललिताबाईचं. दोघींच्या अंगणात मातीची एक भिंत. वाटणी झाली तेव्हा घातलेली, पण जेमतेम गळ्याएवढी. मला विचाराल तर ती आणखी हातभर वर न्यायला हवी होती. रंगूबाईचं अर्धं आयुष्य सुखात गेलं असतं.

बाई वाईट नव्हती हो. कुणी बाळंत झालं की बोलावण्याआधी हजर. दुखणेकऱ्याच्या उशाला बसावं तर तिनंच. पण कुणाचं चांगलं झालेलं तिला पाहवत नसे, आणि ते ती लपवतही नसे. कुणाची म्हैस दुधाला बरी निघाली की हिचं डोकं दुखायचं. मी एकदा नवं पातळ नेसून गेले, तर म्हणाली, "रंग चांगला हाय. पह्यल्या धुन्यात राहीन तेवढा आपला." त्या पातळाचा रंग पुढं खरंच गेला, म्हणून मला तिचा राग अजून येतो.

ही गोष्ट पंचावन्न सालच्या आसपासची. वाटणीत दोघी जावांच्या वाट्याला धान्याच्या कोठीची एकेक खोली आली होती. खोली म्हणजे काय, चार-पाच बाया दाटीवाटीनं उभ्या राहतील एवढी अंधारी जागा. त्या वैशाखात ललिताबाईनं आपली खोली सगळी उपसली. ती वाशीमकडची, जरा नीटनेटकी. दुकानातून घासलेटचे रिकामे चौकोनी डबे आणले, राखेनं आणि उकळत्या पाण्यानं घासले, वास जाईपर्यंत उन्हात टाकले. बाजारच्या कल्हईवाल्याकडून त्यांना झाकणं करून घेतली. चहाच्या खोक्याच्या फळ्या भिंतीला ठोकल्या. खाली जमीन चोपून चोपून दगडासारखी केली, आणि डब्यांखाली विटा. एवढ्यात काम भागलं. पण दारात उभं राहून पाहिलं की वाटायचं, एखाद्या सावकाराची कोठी आहे.

बाया पाहायला यायला लागल्या. येताना रंगूबाईच्या दारावरूनच वाट होती. "कुठं चालल्या वं?" असं ती प्रत्येकीला विचारायची, आणि उत्तर माहीत असूनही विचारायची. मग मला म्हणायची, "डबे रिकामे हायेत तिचे. मी भित्तीवरून आयकते ना, ठण्ण वाजतेत. दाखवाले ठेवले हायेत नुसते." हे ती विहिरीवर बोलली, गिरणीत बोलली, देवळाच्या पायरीवरही बोलली.

तोवर सगळं गमतीचं होतं. आषाढात मात्र दोघींच्या सासूबाई बोलल्या, आणि गंमत संपली. सासू रुख्मिणीबाई धाकट्याकडे राहायच्या, पण दोन्ही घरांत त्यांचा शब्द चालायचा. या घराण्याच्या महालक्ष्म्या भादव्यात बसायच्या. आता चुली वेगळ्या झाल्या, तर त्या कुणाच्या घरी बसवायच्या? मान थोरलीचा. पण रुख्मिणीबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "लक्ष्मीले कोठी दाखवा लागते. थोरलीच्या कोठीत तं घुशी नांदून राह्यल्या. यंदा धाकटीकडंच बसवू."

रंगूबाई त्या दिवशी जेवली नाही. लग्न होऊन आल्यापासून थोरली लक्ष्मी तिनंच हातात धरली होती. गावात तिला आणखी कशाचा मान होता? नवरा इंद्रभान साधा माणूस, सात-आठ एकर कोरडवाहू, अंगावर गळसरीपलीकडे दागिना नाही. वर्षातले तीन दिवस मात्र सगळी आळी तिच्या उंबऱ्यावर यायची. तेही त्या डबेवालीनं न्यायचे? माझ्याजवळ रडली ती. म्हणाली, "तिनं माह्या घरातून कायबी न्यावं. लक्ष्म्या कायले नेते?" ललिताबाईनं नेल्या नव्हत्या, मागितल्याही नव्हत्या. पण हे सांगायला जाणार कोण?

मग हिनं कंबर कसली. पैसा नव्हता, तर डबे कुठून आणणार? म्हणून डब्यांना तोडीस तोड अशा कणग्या करायच्या ठरवल्या. आमच्याकडे तुरीच्या काड्या विणून उंच पिंपासारखी कणगी करतात, आतून-बाहेरून शेणमातीनं लिंपतात आणि त्यात वर्षाची ज्वारी भरतात. पण हे काम उन्हाळ्याचं. कणगी वैशाखात लिंपायची, म्हणजे खडखडीत वाळते. रंगूबाईनं लिंपल्या श्रावणात. घुशींनी पोखरलेल्या जुन्या कणग्या मोडून टाकल्या, ज्वारी ओट्यावर काढली, आणि भर पावसात दोन नव्या उभ्या केल्या.

इंद्रभान म्हणाला, "अवं, श्रावनात कोनी कनग्या लिंपते काय? वाळतीन कदी?"

"आत निखाऱ्याचं घमेलं ठेवलं का वाळतेत," ती म्हणाली. "वैशाखात कोनाले ठावं होतं का आपली इज्जत भादव्यात जाईन?"

काम मात्र असं सुंदर केलं की मलाही हेवा वाटला. पांढऱ्या मातीनं खोली सारवली. कोनाडे काढले, त्यांत लोणच्याच्या बरण्या उंचीप्रमाणे लावल्या. वाखाची शिंकी विणली. कणग्यांवर गेरूची वेलबुट्टी काढली, मोर काढले. खर्च म्हणाल तर शून्य. बाहेरून कणग्या वाळल्या होत्या, हात लावला तर कोरड्या लागत. रिकाम्या कणगीची झाकणी उघडी दिसली तर धाकटी हसेल, म्हणून हिनं घाईनं ज्वारी भरली, वरून कडुलिंबाचा पाला टाकला आणि तोंडं लिंपून घेतली. मग मुद्दाम सासूला बोलावलं. रुख्मिणीबाईंनी दोन्ही कणग्यांवरून हात फिरवून पाहिला. शेवटी म्हणाल्या, "कोठी साजरी केली वं. बसव लक्ष्म्या तुह्याच घरी."

त्या आठवड्यात रंगूबाई भिंतीशी उभं राहून गाणी म्हणायची. आवाज तिचा तसा बरा नव्हता.

महालक्ष्म्या यायच्या दिवशी आम्ही सगळ्या जमलो. दारापासून कुंकवाची पावलं काढलेली. थोरल्या लक्ष्मीचा मुखवटा रंगूबाईच्या हातात, धाकटीचा ललिताबाईच्या. मी ताट वाजवत होते. आमच्याकडे लक्ष्म्यांना सगळं घर हिंडवतात, आणि प्रत्येक ठिकाणी घरातली वडीलधारी विचारते, इथं काय आहे? घरच्या बाईनं उत्तर द्यायचं. त्या वेळी खोटं बोललं तर लक्ष्मी पाठ फिरवते, असं आम्ही मानतो.

गोठ्यात विचारलं. "गाई-वासरं हायेत," रंगूबाई म्हणाली. चुलीपाशी विचारलं. "दूध-दुभतं हाय." मग आम्ही कोठीत शिरलो, आणि ताट वाजवता वाजवता माझा हात थांबला. आत आंबूस, कुबट वास भरला होता. सगळ्यांनाच आला. रुख्मिणीबाईंनी प्रश्न विचारलाच नाही. त्यांनी एका कणगीचं तोंड फोडलं, कडुलिंबाचा पाला बाजूला केला आणि कोपरापर्यंत हात घातला.

"अवं रंगू, हात पोळून राह्यला ना!" त्या ओरडल्या.

लिंपण आतून ओलंच होतं. ज्वारीनं ती ओल प्यायली आणि ज्वारी तापली. हात बाहेर काढला तेव्हा मुठीत मोड आलेले दाणे होते. इंद्रभान दारातून पाहत होता. वर्षभराची भाकरी होती ती. रंगूबाई मुखवटा छातीशी धरून मटकन खाली बसली.

ललिताबाईनं आपल्या हातातली लक्ष्मी पाटावर ठेवली आणि पदर खोचला. "जाऊबाई, बसू नका. पाट्या आना. माह्या घरची जमीन कोरडी हाय. आज पसरली तं अर्ध्याच्या वर वाचीन."

आम्ही सगळ्या पाट्या भरभरून ज्वारी तिकडे नेऊ लागलो. ललिताबाईचा नवरा दौलतराव भिंतीवरून पाट्या पलीकडे घ्यायला उभा राहिला. माजघर, ओसरी, कोठी, जिथं जागा तिथं ज्वारी पसरली. तिनं शेगड्या पेटवल्या. कणग्यांच्या मधोमध कोरडी राहिलेली ज्वारी भरायला तिनं आपले डबे चादरींच्या गाठोड्यांत रिकामे केले. रंगूबाई तेव्हा माझ्या शेजारी होती. एकेक झाकण उघडत होतं आणि आतून डाळ, गहू, तीळ, भुईमुगाचे दाणे काठोकाठ भरलेले निघत होते. एकही डबा रिकामा नव्हता. तिचा चेहरा मी पाहिला. स्वतःची ज्वारी नासली तेव्हा ती एवढी पांढरी पडली नव्हती.

दिवस कलायला आला. रुख्मिणीबाई म्हणाल्या, "लक्ष्म्या आता धाकटीकडं न्या." पण न्यायच्या कुठं? ललिताबाईच्या घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती. सगळी जमीन थोरलीच्या ज्वारीनं अडवलेली. मोकळं घर एकच होतं, रंगूबाईचं. म्हणून लक्ष्म्या तिच्याकडेच बसल्या. जे हवं होतं ते मिळालं बाईला.

फक्त कोठी दाखवायची राहिली होती. पुन्हा मुखवटे उचलले, पुन्हा मी ताट घेतलं. आत गेरूचे मोर, कोनाडे, आणि मधे फोडलेल्या दोन रिकाम्या कणग्या. रुख्मिणीबाईंनी विचारलं, "इथं काय हाय?"

रंगूबाई तरी काय सांगणार? काही नाही म्हणावं तर लक्ष्मीच्या तोंडावर दारिद्र्य बोलल्यासारखं. ज्वारी आहे म्हणावं तर खोटं. धाकटीकडे आहे म्हणायला जीभ उचलत नव्हती. आम्ही सगळ्या तिच्याकडे पाहत होतो.

मागून ललिताबाई हळूच म्हणाली, "जाऊबाई, आपली कोठी भरली हाय, त्या घरी हाय, असं म्हना."

"आपली कोठी भरली हाय," रंगूबाई म्हणाली. "त्या घरी हाय."

रुख्मिणीबाईंनी मान हलवली. बायांनी "लक्ष्मी आली" म्हणून गजर केला आणि सगळ्या पुढं सरकल्या. रंगूबाईचे डोळे वाहत होते. लक्ष्म्या घरात आल्या म्हणून तिला भरून आलं, असं सगळ्यांना वाटलं, आणि ललिताबाईनं आपल्या पदरानं तिचे डोळे पुसले. मी अगदी जवळ होते, म्हणून मला ऐकू आलं. रंगूबाई दातओठ खात पुटपुटत होती, "हेबी तिलेच सुचलं."