न धुतलेली नळी

काल हुडकेश्वरच्या घरात एकटीपुरता कांदा चिरला, त्यावर व्हिनेगर ओतलं आणि त्या आंबट वासानं मी थेट जुन्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये जाऊन पोचले.

तेव्हा मी तिथं टेक्निशियन होते. पाय सुजले म्हणून आई उमरेडहून एसटीनं आली होती आणि सकाळभर माझ्या टेबलाशेजारी स्टुलावर बसून माझं काम बघत होती. शेवटी तिच्या लघवीच्या नमुन्याची काचेची नळी चिमट्यात धरून मी वरच्या बाजूनं तापवली. वरचा भाग दुधासारखा गढूळ झाला. नुसते क्षार असतील तर ॲसिटिक ॲसिडनं, म्हणजे व्हिनेगरमधल्याच आम्लानं, विरघळतात; उष्णतेनं गोठलेलं प्रथिन मात्र विरघळत नाही, आणि ती मूत्रपिंड बिघडल्याची खूण असते. मी तीन थेंब टाकले. मग गरज नसताना आणखी दोन टाकले. पांढरेपणा तसाच राहिला.

"काही नाही निघालं वं आई," मी म्हणाले आणि डॉक्टरांना दाखवायच्या नळ्या ठेवतो त्या स्टँडमध्ये सवयीनं तिची नळी ठेवली.

"चांगल्या नळ्या तू लगेच धुते," ती हळूच म्हणाली. "माही काहून ठेवून राहिली?"

मी उठले आणि तिच्यासमोर ती नळी धुतली. तिनं हात पुसायला आपला पदर पुढे केला. तेव्हा मला वाटलं, तिला पटलं.

काल व्हिनेगरचे हात नळाखाली धरले आणि कितीतरी वेळ तसेच ओले ठेवले.