वहिनींचं वाळकं कलम मी दाखवलं

मंडळी, आज लांज्याजवळ आमच्या गावात जे झालं ते घरी सांगवत नाही, म्हणून इथे कम्युनिटीवर लिहितोय.

शेजारच्या सुमनवहिनींनी दोन वर्षांपूर्वी सरकारी फळबाग योजनेतून सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या उघड्या कातळाच्या माळावर, काजूची कलमं लावली. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "भावजी, तुम्हीपण अर्ज भरा." मी हसलो होतो. कातळावर काय जगणार?

आज कृषी सहाय्यक जगलेली कलमं मोजायला आले. पुरेशी जगली असतील तरच अनुदानाचा पुढचा हप्ता मिळतो. मीही मागोमाग गेलो. खरं सांगतो, माझे डोळे मेलेलं कलम शोधत होते. कडेला एक वाळकं दिसलं आणि मी लगेच म्हणालो, "साहेब, हे गेलंय."

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "होय, ता गेला. डोक्यावरना पाणी आणलंय, तरी नाय जगला. बाकीची बघा."

बाकीची सगळी जगली होती. साहेबांनी सही केली. वहिनींनी आम्हा दोघांनाही कोकम सरबत दिलं. मी अर्धा पेला तसाच ठेवून घरी आलो.

लागूनच माझी जमीन आहे, नुसत्या गवताची. तरीही अजून वाटतंय, तो हप्ता मला मिळायला हवा होता.

तुमचं कधी असं झालंय? मग दुसऱ्या दिवशी त्या माणसाशी काय बोललात?