चिठ्ठीवरचा सी पन्नास

मालवीय नगरातल्या एका ऑफिसात मी मेडिकल कोडिंगचं काम करते. डॉक्टरांनी लिहिलेले कागद वाचायचे आणि प्रत्येक आजाराला ठरलेला कोड द्यायचा. सुरुवातीला जाडजूड कोडबुक शेजारी उघडं ठेवून बसायचे. आता बरेचसे कोड पाठ झालेत, आणि त्याचा मला थोडा तोराही होता.

बाबा रेल्वेत होते. त्यांच्या बदलीमुळे आम्ही भुसावळहून जयपूरला आलो, आणि ते गेल्यावर आई आणि मी इथेच राहिलो. मागच्या थंडीत आईच्या हाताला छातीत गाठ लागली. आठवडाभर ती बोललीच नाही. सांगितलं तेही पोळ्या लाटताना, माझ्याकडे पाठ करून.

दुसऱ्या दिवशी तिला जयपूरच्याच सोडाला भागातल्या एका हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सुईने नमुना घेतला, रिपोर्ट पाच दिवसांनी मिळेल म्हणाल्या. काउंटरवरच्या माणसाने छापील चिठ्ठी दिली. रिक्षात बसल्यावर मी ती सहज उघडली. आईच्या नावाखाली कोड होता, सी पन्नास.

स्तनाचा कॅन्सर. पुस्तक बघायची गरजच नव्हती.

"काय लिहिलंय गं?" आईने विचारलं.

"काही नाही. तपासणीचा नंबर आहे."

चिठ्ठी मी पर्समध्ये कोंबली. घरी येईपर्यंत आई गाजरं स्वस्त झाल्याचं सांगत होती आणि मी हो हो करत होते. त्यानंतर तिचं सगळंच मला वेगळं दिसायला लागलं. जिना चढताना ती थांबली की मी तिच्या हातातली पिशवी काढून घ्यायचे. तिने ताटातली अर्धी भाकरी ठेवली तर मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडायचे.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात एका अनोळखी बाईची फाइल समोर आली. तिच्या छातीत गाठ होती. मी सी पन्नास टाकला आणि पुढे सरकणार, तेवढ्यात आमच्या टीमच्या मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या.

"डॉक्टर ने कन्फर्म लिखा है क्या?"

मी परत वाचलं. डॉक्टरांनी फक्त शंका लिहिली होती. शंका असेल तर आजाराचा कोड लावायचा नाही, जे दिसतंय तेवढ्याचाच लावायचा, म्हणजे नुसत्या गाठीचा. नव्या मुलींना पहिल्याच आठवड्यात हे मीच शिकवते. मी कोड बदलला, आणि आईची चिठ्ठी आठवली. आईचा डॉक्टरांनी हाताने लिहिलेला कागद मी पाहिलाच नव्हता. छापील कोड दिसला आणि मी तोच खरा धरून बसले होते.

अर्धी सुट्टी टाकून घरी गेले. आई शेजारी गेली होती. तिची हॉस्पिटलची फाइल काढून पाहिली, तर डॉक्टरांच्या अक्षरात कॅन्सरच्या आधी एक बारीकसं प्रश्नचिन्ह होतं. तशीच सोडाल्याला गेले. काउंटरवरच्या माणसाला कागद दाखवला.

"मैडम, सिस्टम में क्वेश्चन मार्क डालने की जगह ही नहीं है," तो अगदी सरळपणे म्हणाला.

मी त्याला गाठीचा कोड सांगितला. त्याने तो टाकून नवी चिठ्ठी दिली. ती हातात घेऊन मी बाहेर उभी राहिले. जीव हलका व्हायला हवा होता, पण झाला नाही. चिठ्ठी बदलली होती, गाठ तशीच होती. प्रश्नचिन्हाचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं. उरलेले दोन दिवस मी धड जेवले नाही.

रिपोर्ट आला. गाठ साधी होती. सहा महिन्यांनी परत दाखवा, एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रिक्षात मी आईला सगळं सांगून टाकलं. वाटलं, ती मला जवळ घेईल.

ती भडकली. "मतलब, पाच दिवस तुला वाटत होतं मला कॅन्सर आहे, आणि तू मला गाजराचा हलवा करू दिलास? शरीर माझं होतं ना?"

"तू घाबरली असतीस, आई."

"मग घाबरले असते. तुझ्यासोबत घाबरले असते."

घरी आल्यावर तिने स्वतः चहा टाकला, पण कप माझ्या हातात न देता ओट्यावरच ठेवला.