वर्तकनगरच्या बाजूने माझं मत

परिषद कुठल्या गावात भरवायची हे ठरवायला जो फॉर्म होता, तो मीच तयार केलेला. अकरा प्रश्न होते. सभागृह केवढं, टेलिफोनची लाइन मिळेल का, वीज जाते का, असे. आणि मीच तयार केलेल्या फॉर्मवर मीच खोटं लिहिलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच कुणी माझ्याबद्दल चांगलं मत करून घ्यायला नको.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. ईमेल म्हटलं की ठाण्यात वर्तकनगरातल्या आमच्या कॉलनीतल्या बायका ‘कुठली कंपनी?’ असं विचारायच्या. अशा दिवसांत ठाणे-डोंबिवलीतले आम्ही सहा-सात जण दर रविवारी एका कॉम्प्युटर क्लासात जमून वाद घालायचो. संगणकावरून धाडलेलं पत्र वाटेत कोण वाचतं? क्लासात किंवा बँकेत आपण लिहून देतो ती माहिती कुणाच्या मालकीची? सरकारने त्यात किती डोकवावं? परदेशातही असेच लोक होते आणि वर्षातून एकदा कुठेतरी भेटायचे. त्या वर्षी पाळी आशियाची होती. जागा ठरवायला तिघांची समिती नेमली: युरोपातला एक समन्वयक, कराचीची एक बाई आणि मी. माझी निवड कशामुळे झाली म्हणाल तर मी मेलला रोज उत्तर द्यायचे. दुसरी लायकी काही नाही.

रोज म्हणजे दुपारी दोन ते तीन. पूर्वी मी त्याच क्लासात शिकवायचे. सासऱ्यांसाठी नोकरी सोडली, रविवारी जाणंही क्वचितच जमायला लागलं, तेव्हा क्लासच्या बाईंनी एक मशीन तासभर मला वापरू दिलं. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. त्यांचं डोकं हळूहळू उतरत चाललं होतं. शरीर ठणठणीत, पाय तर माझ्यापेक्षा मजबूत, पण आपण कोण, कुठे निघालो, काही ठाव नाही. एकदा चालत चालत थेट बाळकुमला पोचले. खाडीवरच्या एका कोळणीने त्यांना ओट्यावर बसवून चहा पाजला आणि खिशातल्या चिठ्ठीवरून आमच्याकडे निरोप पाठवला, म्हणून सापडले. त्या दिवसापासून बाहेर पडताना मी दाराला बाहेरून कडी घालायला लागले.

कडी घालून जिना उतरायला लागले की आतून आवाज यायचा. ओरडायचे नाहीत. दारावर सावकाश थापा मारायचे आणि म्हणायचे, “अहो, कुणी आहे का? दार उघडता का जरा?” अनोळखी माणसाशी बोलावं तसं, अगदी अदबीने. हा माणूस आयुष्यभर पोस्टात टपाल लावायच्या कामावर होता. माझं लग्न झालं त्या वर्षी आईचं पत्र सासूबाई आधी फोडून वाचायला निघाल्या, तेव्हा यांनीच पत्र काढून माझ्या हातात दिलं होतं. “ज्याचं नाव त्याचं पत्र,” एवढंच म्हणाले. खरं तर या असल्या विषयाचं वेड मला तिथूनच लागलं. आणि आता त्याच माणसाला मी रोज दुपारी कोंडून, लोकांच्या हक्कांवर इंग्रजीतून लांबलचक मेल लिहायला जात होते. लाज वाटायची. पण जायचे.

नवरा बिचारा वाईट नव्हता. कंपनीत पाळीने कामाला, घरी आला की भिंतीला टेकून झोपायचा. “तू जा ना कुठे जायचंय तिथे,” म्हणायचा. कसं जाऊ, हे सांगायची त्याला कधी गरज वाटली नाही. डोंबिवलीला माहेरी जाऊन मला दोन वर्षं झाली होती. ठाण्याहून डोंबिवली.

कराचीच्या बाईला मी बाजी म्हणायचे, तिकडे ताईला तसं म्हणतात, आणि ती मला ताई. वयाने मोठं कोण, हे आम्ही कधी विचारलंच नाही. ती एका शाळेत संगणक शिकवायची. भावाच्या घरी राहायची. कुठे जायचं तर भावाला विचारून, कुणाला भेटायचं तर भावाला सांगून. अर्धं इंग्रजी, अर्धं रोमन अक्षरातलं हिंदी-उर्दू, असे आमचे मेल चालायचे. समितीचं काम चार ओळींत संपायचं आणि उरलेला तास डाळ, शाळा, भाऊ, अण्णा यांच्यात जायचा. कडीचं मी जगात फक्त तिलाच सांगितलं होतं.

शेवटी दोनच नावं उरली. काठमांडू आणि ठाणे. ठाण्याचं मीच घुसवलेलं. काठमांडूला सगळ्या देशांच्या लोकांना येणं सोपं होतं, बाजीलाही. तिचा भाऊ कधी नव्हे तो ‘जा’ म्हणाला होता. मला मात्र काठमांडू म्हणजे चंद्रच. चार दिवस अण्णांना कुणाच्या गळ्यात बांधू? आणि परिषद ठाण्याला आली तर मला बसायला मिळणार, पण बाजीचं अवघड. तिकडच्या माणसाला आपला व्हिसा मिळणं तेव्हा म्हणजे दिव्यच होतं. मिळाला तरी ठरावीक शहरांपुरता, वर पोलिसात जाऊन हजेरी. दोघींपैकी एकच कुणीतरी जाणार, हे फॉर्म हातात घेतला तेव्हाच मला कळलेलं. आणि मला जायचं होतं. तीन दिवस, फक्त तीन दिवस, माणसांत बसून ज्या गोष्टींवर मी दोन वर्षं एकटीने बोटं झिजवली त्यावर तोंडाने बोलायचं होतं. त्यासाठी मी काहीही केलं असतं आणि केलंच.

ठाण्याच्या नावाखाली हॉल नेमका कुठला सुचवायचा, हे ठरवायला एका रविवारी मी गटात गेले. तिथे एक टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले काका होते. ते म्हणाले, “डोंबिवलीला घेऊ. नाट्यवेडं गाव आहे, मोठे हॉल आहेत, माझ्या ओळखी आहेत.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी उभी राहिले आणि डोंबिवलीची अशी काही निंदा केली की माझ्या आईने ऐकली असती तर घरात घेतलं नसतं. शुक्रवारी कारखाने बंद म्हणून दिवसभर वीज नसते, संध्याकाळी केमिकलचा वास येतो, परदेशी पाहुणे खोकून मरतील. काका म्हणाले, “अगं, शुक्रवारी वर्तकनगरात वीज जात नाही का?” जायची. नक्कीच जायची. मी म्हटलं, “दोनच तास जाते.” चोराच्या मनात चांदणं. मला हवं होतं ते मंगल कार्यालय आमच्या बिल्डिंगपासून आठ मिनिटांवर होतं, एवढंच त्याचं मोठेपण. अण्णांना एक वाजता भरवून दोनच्या सत्राला परत येता आलं असतं. फॉर्मवर मी लिहिलं: मध्यवर्ती ठिकाण. कशाच्या मध्ये, ते मला कुणी विचारलं नाही.

कार्यालय मिळालं ते पितृपक्षामुळे. एरवी मुहूर्तांच्या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसायची. पंधरवड्यात लग्न नाही, मुंज नाही, साखरपुडा नाही, हॉल रिकामा पडलेला. मी व्यवस्थापकांकडे गेले, तर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“पितृपक्षात? कार्य कसलं आहे?”

“परिषद आहे. कॉम्प्युटरची.”

“ते कळलं हो. पण शुभ की अशुभ?”

त्यांच्या वहीत तसे दोन रकानेच होते. शुभकार्याला एक दर, श्राद्ध-तेराव्याला दुसरा. आंतरराष्ट्रीय परिषद कशात बसते, यावर आम्ही दोघांनी खरंच विचार केला. शेवटी त्यांनी दोन्ही रकान्यांच्या मधल्या रेघेवर ‘इतर’ असं लिहिलं आणि म्हणाले, “नवीन कामाला कुणी या दिवसांत हात घालत नाही बाई. तुम्ही शिकलेल्या आहात, तुमचं तुम्ही बघा.”

काकांचंही तेच. आयुष्यभर देव न मानणारा माणूस, पण म्हणाले, “माझा विश्वास नाही. पण ऐन पितृपक्षात उद्घाटन केलंत तर लोक नावं ठेवतील, आणि जेवणाला आचारी मिळणार नाही. सगळे श्राद्धाच्या खिरीला गुंतलेले असतात.” मी त्यांना सांगितलं की खीर-वड्यांवर परदेशी लोक खूश होतील. फॉर्मवर एक प्रश्न होता, त्या काळात स्थानिक सण आहे का? मी लिहिलं: नाही, हा आमच्याकडे शांत पंधरवडा असतो. समन्वयकाला ते फार आवडलं.

आता चौथा प्रश्न. बोलावलेल्या प्रत्येक माणसाला त्या देशात प्रवेश मिळेल का? हा प्रश्न फॉर्ममध्ये मीच घातला होता, बाजीसाठी. मागच्या परिषदेला तिला व्हिसा मिळाला नव्हता म्हणून. त्या प्रश्नासमोर मी दोन दुपारी नुसती बसले. तिसऱ्या दुपारी घड्याळात तीनला पाच कमी असताना भराभरा लिहिलं, ‘सहसा अडचण येत नाही, वेळेत अर्ज करावा’, आणि पाठवून दिलं. घरी आले तर अण्णा दाराशीच जमिनीवर बसून झोपले होते. दार उघडताना त्यांच्या पाठीला लागलं.

मतं तिघांनी समन्वयकाला मेलने कळवायची आणि त्याने ती एकदम जाहीर करायची, असं ठरलेलं. माझा हिशेब सोपा होता. बाजी काठमांडू म्हणणार, ते उघडच. समन्वयक जेवण, जागा, शांतता बघून ठाण्याकडे झुकेल. दोन विरुद्ध एक. बाजीला वाईट वाटेल, मी तिची समजूत काढेन, ‘पुढच्या वर्षी’ म्हणेन. समजुतीचं वाक्यसुद्धा मी आधीच जुळवून ठेवलेलं. इतकी मी त्या दिवसांत खाली गेलेले.

सोमवारी निकाल आला. समन्वयकाचं मत काठमांडू. माझं मत ठाणे. आणि तिसरं मतही ठाणे.

मी तो मेल तीन-चारदा वाचला. मला वाटलं नावं उलटसुलट झाली असतील. क्लासमधली मुलं यायला लागली, बाई मागे येऊन उभ्या राहिल्या, तरी मी उठेना. शेवटी उभ्याउभ्याच लिहिलं, “बाजी, हे काय केलंस? तुला येता येणार नाही.”

दुसऱ्या दुपारी तिचं उत्तर आलं. छोटंच होतं. “चौथा जवाब मैंने भी पढ़ा था, ताई. अपने वीज़े का हाल मैं तुमसे ज़्यादा जानती हूँ. यह भी पढ़ा कि हॉल तुम्हारे घर से कितनी दूर है. दोनों में से एक तो बाहर निकले.”

हॉलचा पत्ता फॉर्मवर होता आणि माझ्या घरचा पत्ता तिच्याकडे होता. तिने सगळं जोडून पाहिलं. मी खोटं लिहिलंय, कशासाठी लिहिलंय, सगळं कळून तिने मत दिलं होतं. मी तिची जागा चोरायला गेले आणि तिने ती आधीच काढून माझ्या पुढ्यात ठेवली. त्यापेक्षा तिने मला शिव्या घातल्या असत्या तर मी नीट रडले तरी असते.

मी तिला माफीचा मोठा मेल लिहिला. निर्णय बदलू या, मी समन्वयकाला खरं सांगते, असंही लिहिलं. ती म्हणाली, आता भावाने नाही म्हटलंय, त्याचा मूड गेला, तू उगाच तमाशा करू नकोस. हे खरं होतं की माझी सुटका करायला म्हटलं, ते मला आजतागायत ठाऊक नाही. मी समन्वयकाला काही सांगितलं नाही. तिने तरीही व्हिसाचा अर्ज केला, आपल्या बाजूने सगळं रीतसर. शेवटच्या आठवड्यापर्यंत उत्तर आलं नाही. मग तिने तिचा निबंध मेलने पाठवला आणि वर लिहिलं, “तुम पढ़ देना. और मुझे सब लिखना. कौन कहाँ बैठा, क्या खाया, सब.”

परिषद झाली. बारा-तेरा देशांची माणसं मंगल कार्यालयात, वधूपक्ष आणि वरपक्ष असं लिहिलेल्या दोन खोल्यांत बॅगा ठेवून बसली. शुक्रवारी वीज गेली ती दोन नाही, साडेचार तास. शेजारच्या वहिनी दर तासाला अण्णांना बघून यायच्या, आणि एक वाजता मी धावत जाऊन त्यांना भात भरवायचे. मी त्या खुर्चीत बसले होते, जिच्यासाठी एवढं केलं. आणि खरं सांगते, घरात मला कधी इतकं अडकल्यासारखं वाटलं नव्हतं. घरात निदान ‘जाऊ दे, सुटेन कधीतरी’ असं म्हणता यायचं. इथून उठून कुठे जाणार? एका बाईने स्वतः घरात बसून मला इथे बसवलं होतं. कंटाळा आला तरी कंटाळायची सोय नव्हती. प्रत्येक माणसाचं बोलणं मी तिच्या वतीने ऐकत होते, वहीत टिपत होते, आणि माझं म्हणून जे बोलायचं होतं ते तीन दिवसांत एकदाही तोंडातून निघालं नाही.

शनिवारी सकाळी मी तिचा निबंध वाचला. शाळेतल्या मुलींच्या मेलवर घरचे पुरुष कशी पाळत ठेवतात आणि त्या मुली त्यातून काय युक्त्या काढतात, यावर होता. टाळ्या झाल्या. मग पुढच्या रांगेतल्या एका तरुण मुलीने त्या युक्त्यांबद्दल काहीतरी बारीक विचारलं. मला उत्तर येत नव्हतं. म्हटलं, हे जिने लिहिलंय तिलाच विचारायला हवं.

“मग तिला का नाही बोलावलं?” ती मुलगी म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं, तिने सहजच विचारलं. समन्वयक माझ्याकडे बघायला लागला. जागा ठरवणाऱ्या समितीची मी.

“बोलावलं होतं,” मी म्हणाले आणि खाली बसले.

सोमवारी दुपारी दोन वाजता मशीनवर बसून मी बाजीला सगळं लिहिलं. कोण कुठे बसलं, खीर कुणी तीनदा घेतली, टाळ्या किती वेळ वाजल्या, वीज गेल्यावर समन्वयक वहीने वारा कसा घेत होता. तासाभरात पाच पानं झाली. त्या मुलीचा प्रश्न तेवढा लिहिला नाही.