चॅप्टरची सावड

इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी स्थापत्य अभियंत्यांच्या एका संघटनेचा विद्यार्थी सभासद झालो. कॉलेजात तिला सगळे ‘चॅप्टर’ म्हणायचे. सभासद झालं की नोकरीच्या अर्जात चार ओळी जास्त पडतात, मोठ्या माणसांच्या ओळखी होतात, असं सिनियर सांगायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं, नोकऱ्या आटल्या होत्या, आणि घाटाखालच्या वैशाखरे गावाच्या वरच्या पाड्यातल्या माझ्यासारख्या मुलाच्या ओळखीतला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे एसटीचा कंडक्टर.

शनिवारी हॉस्टेलवरून घरी गेल्यावर बाबांना हे सांगितलं. ते विळ्याला धार लावत होते. त्यांनी विचारलं, “मंग तुमी येकमेकांच्या कामाला जाता का नाय?” जातो, म्हणालो. त्यांचं समाधान झालं. आमच्याकडे भाताची आवणी असो की कापणी, सावडीवर चालते. आज सगळे माझ्या शेतात, उद्या मी त्यांच्या. लेखी काही नाही, आणि चुकवाचुकव तर नाहीच. बाबांनी चॅप्टरही त्याच जागी बसवला. खरं सांगायचं तर मीही बसवला.

म्हणून वर्षभराहून जास्त काळ मी चॅप्टरसाठी राब राब राबलो. व्याख्यान असलं की खुर्च्या मी लावायच्या, स्टेशनवरून पाहुण्यांना मी आणायचं, अक्षर चांगलं म्हणून कापडी फलकही मीच रंगवायचा. “तुझ्याशिवाय चॅप्टर चालत नाही रे,” असं सेक्रेटरी म्हणायचा आणि मी फुगायचो. भाषण चालू असताना मी बहुतेक बाहेर चहाच्या कपांपाशी असायचो. त्यामुळे त्या मोठ्या माणसांनी काय काय सांगितलं ते मला आजही माहीत नाही.

माझंही एक काम होतं. पाड्याखालच्या ओढ्यावर एक साकव होता, अरुंद, बिनकठड्याचा पायपूल. शाळा पलीकडे. मी तिसऱ्या वर्षाला गेलो त्या पावसाळ्यात मधल्या खांबाच्या बुडातले दगड वाहून गेले आणि खांब कलला. पंचायतीत सांगून झालं होतं. ‘बघू’च्या पुढे गाडी सरकत नव्हती. आमच्या चॅप्टरला मार्गदर्शक म्हणून एक निवृत्त पूल-इंजिनियर होते. त्यांनी एकदा येऊन खांब बघावा, मुलांनी मापं घ्यावीत आणि चॅप्टरच्या नावाने दोन पानं लिहून द्यावीत, म्हणजे पंचायतीला हलावं लागेल, एवढं मी सभेत मागितलं. टाळ्या पडल्या. “अरे, हीच आपली अभ्याससहल,” सेक्रेटरी म्हणाला. ऑक्टोबरातला एक रविवार ठरला.

हळवं भात तेव्हा कापणीला आलेलं असतं. उभं ठेवलं तर दाणा झडतो. तरी बाबांच्या शब्दाखातर पाड्यातल्या सगळ्या घरांनी त्या दिवशी विळे बाजूला ठेवले. पुरुषांनी साकवापर्यंतची वाट साफ केली, खांबाभोवतीचा गाळ उपसला. बायकांनी तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, कोंबडीचा रस्सा केला. बाबा धुतलेला सदरा घालून, पाहुण्यांना पाड्याची वाट दाखवायला सकाळीच खाली डांबरी रस्त्यावर जाऊन उभे राहिले. मी टेप घेऊन ओढ्यात.

दुपार कलली तरी कुणी आलं नाही. शेजारची काकी थोड्या थोड्या वेळाने विचारायची, “आले का रे तुजे सायब?” शेवटी पोरांना जेवायला घातलं, मग आम्हीही बसलो. दिवस मावळताना बाबा एकटेच वर आले.

“गाडी गेली,” ते म्हणाले. “वर घाटात गेली. तू रंगवलेला कापड व्हता फुडं, वळखला मी. हात केला, तं पोरांनी बी हात केले. मला वाटलं, घाट बघून उतरताना थांबतील.” मग सदऱ्याची बटणं काढत म्हणाले, “उतरताना गाणी चालली व्हती. नाय दिसलो आसंन मी.”

मला भयंकर राग आला. तो त्या पोरांवर होता, की दिवसभर रस्त्याकडेला उभं राहून अनोळखी पोरांच्या गाडीला हात करणाऱ्या माझ्या बापावर, हे मला तेव्हा कळलं नाही.

सोमवारी सेक्रेटरी भेटला. “अरे सॉरी, घाटातच टाइम गेला. ते पुलाचे सरही आले नाहीत ना. नेक्स्ट टाइम नक्की.” मी भांडणार होतो. कल्याणपर्यंत बसमध्ये वाक्यं जुळवत आलो होतो. पण त्याने लगेच पुढच्या व्याख्यानाचा विषय काढला, आणि माझ्या तोंडून निघालं, “खुर्च्या किती लागतील?”

इकडे बाबा आमचं भात तसंच ठेवून घरोघरच्या कापणीला गेले. लोक नको म्हणत होते. “काम झालंच नाय, तं सावड कसली?” बाबा ऐकेनात. “मानसं आली व्हती ना कामाला,” एवढंच त्यांचं उत्तर. आमचं बरंचसं भात त्या वर्षी शेतातच झडलं. आई खाली पडलेले दाणे मातीतून वेचत बसली.

साकव पुढच्या आषाढात पडला. वर कुणी नव्हतं, एवढं नशीब. पोरांची शाळा पावसाळाभर बुडाली आणि काही मुली नंतर परत गेल्याच नाहीत.

पाणी उतरल्यावर पाड्याने ऐनाच्या झाडाचे दोन सोट ओढ्यावर आडवे टाकायचे ठरवले. सगळी घरं कामाला आली. मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होतो आणि सुट्टीत घरी आलो होतो. लाकडं कुठे टेकवायची, काठाची कोणती बाजू धरायची, यावर पाण्यात उभं राहून बराच खल झाला. मी हाताच्या अंतरावर होतो. दोनदा बोलायला तोंड उघडलं. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. बाबांनी दोराचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “सांगतील तवा वढ.”